राजीनामा देण्याआधी लाकडी घाण्याचा पूर्ण हिशेब

एक लिटर शेंगदाणा तेलाला सुमारे अडीच किलो दाणे लागतात. नोकरी सोडून लाकडी घाणा टाकायचं मनात असेल, तर ब्रँडचं नाव, बाटलीचा आकार, बोधचिन्ह हे सगळं राहू द्या आणि आधी हा आकडा पाठ करा. या धंद्यात नफा-तोटा ठरतो तो याच आकड्यावर.

दाण्यात तेल असतं ४५ ते ५० टक्के, पण लाकडी घाणा ते सगळं काढू शकत नाही. बरंच तेल पेंडीत राहतं, थोडं गाळात जातं. १०० किलो चांगल्या, वाळलेल्या दाण्यांतून गाळ बसल्यावर ४० लिटर तेल हातात आलं तर काम नीट चाललंय असं समजा. करडईला सालीसकट चार किलोच्या वर बी लागतं, सुक्या खोबऱ्याला दोन किलोच्या आत भागतं. इथे मी शेंगदाण्याचाच हिशेब मांडतो, कारण बहुतेकांची सुरुवात त्यानेच होते.

दाण्याचा भाव ११० रुपये किलो धरू. तुमच्या बाजारात तो वेगळा असेल, आकडा बदला, रीत हीच ठेवा. अडीच किलोचे झाले २७५ रुपये. त्यातून साधारण दीड किलो पेंड निघते. ती ३५ रुपयांनी गेली तर ५० रुपये परत आले. म्हणजे कच्चा माल २२५. बाटली, झाकण, लेबल, खोका मिळून २०, वीज ४. एकूण २४९ रुपये लिटर. विक्रीचा भाव ३३० ठेवला तर त्यातून ५ टक्के जीएसटी वजा जाऊन ३१४ उरतात. लिटरमागे हातात राहतात ६५ रुपये.

आता महिन्याचा ठरलेला खर्च. गाळ्याचं भाडं १२,०००. घाण्यावर बसणाऱ्या माणसाचा पगार १५,०००. पाच लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १०,९००. फोन, डिलिव्हरी, दुरुस्ती, सीएची फी मिळून ८,०००. बेरीज ४५,९००. याला ६५ ने भागा: ७०६ लिटर. महिन्याला ७०६ लिटर विकलं तर तुम्ही शून्यावर आलात. घरात एक रुपयाही गेलेला नाही.

एका यंत्राची क्षमता किती? १२ किलोची खेप, भरण्यापासून पेंड काढून साफ करेपर्यंत ५० ते ५५ मिनिटं. दिवसात आठ-नऊ खेपा, म्हणजे ४० लिटरच्या आसपास. २५ दिवस चाललं तर हजार लिटर. ते सगळं विकलं गेलं तर उरतात १९,१०० रुपये. पगाराच्या जागी हे पैसे येणार आहेत, तेव्हा राजीनाम्याचा विचार या आकड्याकडे बघून करायचा. दुसरं यंत्र घेतलं की चित्र बदलतं, कारण भाडं आणि तुमचा वेळ तोच राहतो. हप्ता, एक मदतनीस आणि वरखर्च मिळून १८,००० वाढतात आणि दोन हजार लिटर विकल्यावर ६५,००० च्या आसपास उरतात. पण दुसरं यंत्र पहिल्या यंत्राचं तेल विकलं जायला लागल्यावरच घ्यायचं. आधी घेतलेलं दुसरं यंत्र हा नुसता हप्ता असतो.

दाण्याचा भाव १० रुपयांनी चढला तर काय होतं तेही बघा. लिटरमागे २५ रुपये गेले, ६५ चे ४० राहिले, आणि शून्यावर यायलाच ११४८ लिटर विकावं लागतं. एवढं तर यंत्रातून निघतच नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकाला सांगून ठेवा की भाव दर महिन्याला दाण्याप्रमाणे बदलेल. पावतीवर त्या महिन्याचा दाण्याचा भाव छापला तर लोक समजून घेतात. वर्षभर एकच भाव ठेवण्याचा मोठेपणा परवडत नाही.

आणि दुकानदार. किराणा दुकान किंवा ऑरगॅनिक स्टोअर १५ ते २० टक्के मार्जिन मागतं. ३३० च्या १५ टक्क्यांना पन्नास रुपये झाले, तुम्हाला उरले पंधरा. २० टक्के दिले तर खिशातला रुपया जातो. वर पेमेंट दीड-दोन महिन्यांनी. एका घाण्याचा माल दुकानातून विकायचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तो थेट घरी जायला हवा. चार माणसांचं घर महिन्याला तीन लिटर घेतं असं धरलं तर शून्यावर यायला २३५ घरं लागतात आणि पूर्ण क्षमतेला ३३३. तेल काढायला माणूस आठवड्यात शिकतो. ही तीनशे घरं जोडायला वर्ष लागतं, आणि म्हणूनच ती जोडायची सुरुवात नोकरीत असतानाच व्हायला हवी.

त्यासाठी यंत्र लागत नाही. ज्याच्याकडे घाणा आहे त्याच्याकडून सहा महिने तेल घ्या आणि शनिवार-रविवारी सोसायट्यांतून विका. नफा नगण्य असेल, पण कोण दुसऱ्यांदा मागतं हे कळतं. पहिली बाटली नातेवाईक आणि ऑफिसातले लोक कौतुकाने घेतात, ती मोजू नका. तिसरी बाटली मागणारी घरं मोजा. अशी ८० ते १०० घरं झाली की पुढचं पाऊल टाका. मात्र आधी नेमणूकपत्र काढून वाचा. बऱ्याच कंपन्यांत परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करायला बंदी असते. राज्य सरकारी नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत आणि पूर्वपरवानगीशिवाय खाजगी धंदा करता येत नाही. विक्री घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावाने करायची असेल तर तीही खरोखर त्यांनीच चालवलेली असावी.

भांडवल कुठे अडकतं

यंत्राची किंमत सगळे विचारतात. १२ ते १५ किलोचा, तीन हॉर्सपॉवर मोटरचा घाणा साधारण दोन लाख धरा. गाळणी, स्टीलच्या टाक्या, काटा, सील करायचं यंत्र मिळून एक लाख. अनामत, वायरिंग, फरशी यांना दीड लाख. पण हजार लिटरला महिन्याला अडीच टन दाणे लागतात, म्हणजे पावणेतीन लाख रुपये. दोन महिन्यांचा साठा केला तर साडेपाच लाख. खरिपाचा माल ऑक्टोबर ते डिसेंबर येतो, उन्हाळी मे-जूनमध्ये. मधल्या काळात भाव चढतो, तेव्हा साठा टाळता येत नाही. त्यात सहा महिन्यांचा ठरलेला खर्च पावणेतीन लाख मिळवा. बेरीज पावणेतेरा लाख. यंत्राच्या किमतीच्या सहापट! घरखर्चाचे बारा महिन्यांचे पैसे याच्या बाहेर, वेगळ्या खात्यात.

बहुतेक घाणे अडचणीत येतात ते इथे. यंत्रावर सगळे पैसे जातात, दाणे अडत्याकडून उधारीवर येतात, उधारीचा भाव किलोमागे चार-पाच रुपये जास्त लागतो, आणि लिटरमागचे दहा-बारा रुपये कोणाच्या लक्षात न येता निघून जातात.

भांडवल कमी असेल तर एक जुना मार्ग आहे: लोकांचे दाणे लोकांना गाळून द्यायचे. गिऱ्हाईक स्वतःचा माल आणतं, तुम्ही किलोवर मजुरी घेता. साठा नाही, भावाची जोखीम नाही. तालुक्याच्या गावात, शेतकरी घरं जास्त असतील तिथे हे उत्तम चालतं. पेंड कोणाची हे मात्र आधीच पाटीवर लिहून ठेवा. या धंद्यातली निम्मी भांडणं पेंडीवरून होतात.

पगार चालू असताना करून घ्यायची कामं

ग्रॅच्युइटीला कायम नोकरीत सलग पाच वर्षं लागतात. शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. मूळ पगार ३०,००० आणि सहा वर्षं झाली असतील तर १,०३,८४६ रुपये. पाच वर्षांना दोन-तीन महिने कमी असतील तर थांबा. दाण्यांची पहिली टनभर खरेदी त्यातून होते.

पीएफला शक्यतो हात लावू नका. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर तो करपात्र होतो. पेन्शनच्या भागाला दहा वर्षांची सेवा लागते. ती पूर्ण झाली असेल तर योजना प्रमाणपत्र घेऊन ठेवा, ५८ व्या वर्षी पेन्शन लागू होते.

कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो. वैयक्तिक पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा असू शकते. म्हणून पॉलिसी निदान वर्षभर आधी घ्या. आईवडिलांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर हे काम यंत्राच्याही आधीचं आहे. विमा कंपनी तीच ठेवून ग्रुप पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोयही असते. नोकरी सोडण्यापूर्वी एचआरकडे लेखी विचारा.

घरकर्ज, गाडीचं कर्ज, क्रेडिट कार्डाची मर्यादा यांतलं काही हवं असेल तर पगाराच्या चिठ्ठीवरच करून घ्या. नंतर बँक दोन-तीन वर्षांची व्यवसायाची विवरणपत्रं मागते. मात्र राहत्या घरावर धंद्यासाठी कर्ज काढू नका. हा धंदा बुडतो तेव्हा हळूहळू बुडतो, आणि घर गहाण असलं की माणूस बंद करायची वेळ निघून गेल्यावरही तो ओढत राहतो.

अनुदान घ्यायचं असेल तर यंत्र आधी आणू नका

पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) ही कर्जाला जोडून अनुदान देणारी योजना फक्त नव्या उद्योगासाठी आहे. कर्जमंजुरीच्या आधी घाणा आणून चालू केलात की अपात्र. उत्पादन उद्योगाला प्रकल्प ५० लाखांपर्यंत, अनुदान खुल्या गटाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना २५ आणि ३५ टक्के. स्वतःचा वाटा अनुक्रमे १० आणि ५ टक्के. हे पैसे खात्यात खेळायला मिळत नाहीत. बँक ते तीन वर्षं वेगळ्या ठेवीत ठेवते आणि युनिट चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळते करते. तेव्हा अनुदान भांडवलात मोजू नका.

अन्नप्रक्रियेसाठी पीएमएफएमई (सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना) ही दुसरी योजना आहे. प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख, तेही बँकेच्या कर्जाला जोडून. महाराष्ट्रात ती कृषी विभागामार्फत राबवली जाते आणि अर्ज भरून द्यायला जिल्ह्यात साधन व्यक्ती नेमलेल्या असतात. योजनांच्या मुदती बदलतात, म्हणून अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्र आणि तालुका कृषी कार्यालयात जाऊन सध्या काय चालू आहे ते विचारा. छोट्या उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी मात्र सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिचे पैसे मागणाऱ्याला देऊ नका.

गाळा, वीज, यंत्र

तळमजला हवा. वरच्या मजल्यावर अडीच टन दाणे महिन्याला चढवायचे आणि दीड टन पेंड उतरवायची, ही हमाली कोणत्याच हिशेबात बसत नाही. तीन फेज जोडणी आहे का हे भाडेकरार करण्याआधी बघा. गाळ्याला व्यापारी वर्गाचं मीटर असेल तर महावितरणकडे औद्योगिक वर्गासाठी अर्ज करा, कारण घाणा हे उत्पादन आहे. उद्यम प्रमाणपत्र त्यासाठी उपयोगी पडतं. या कामाला आणि यंत्र बनून यायला मिळून दोन महिने सहज जातात, म्हणजे तीन महिन्यांचा नोटीस पीरियड याच कामाला वापरता येतो.

यंत्र घेताना कारखान्यात स्वतःचे दाणे घेऊन जा आणि तीन खेपा काढून घ्या. तेल, गाळ, पेंड वेगवेगळे तोला. विक्रेता दाखवतो ते ताजं, गाळासकट तेल. दोन दिवस बसल्यावर त्यात तीन-चार टक्के घट होते. लाकूड कोणतं, यापेक्षा ते किती मुरलेलं आहे ते विचारा. ओलसर लाकडाची उखळ चिरते. लाट (उखळीत फिरणारा लाकडी दांडा) आणि उखळ झिजतात आणि त्यांच्यातली फट वाढली की उतारा घसरतो. १०० किलोला ४० ऐवजी ३७ लिटर निघू लागलं तर लिटरमागे सुमारे १५ रुपये गेले. म्हणून रोजच्या वहीत दाण्याचं वजन, तेल आणि पेंड हे तीन आकडे लिहायचेच. उतारा सलग तीन दिवस घसरला तर आधी दाण्यातला ओलावा बघा, मग लाट.

दाणा आणि तेल

फुटका, आकसलेला दाणा किलोला १०-१५ रुपये स्वस्त मिळतो. नवा माणूस हमखास त्याला भुलतो. अशा दाण्यात आम्लता जास्त, तेल लवकर खवट होतं, आणि बुरशीचा धोका वेगळाच. शेंगदाण्यावर येणाऱ्या अॅस्परजिलस बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि ते यकृताला घातक आहे. रिफाइंड तेलात क्षाराच्या प्रक्रियेने ते बरंचसं निघून जातं. घाण्याच्या तेलावर ती प्रक्रिया होतच नाही. म्हणजे दाण्यात जे आहे त्यातलं काही ना काही बाटलीत येणार. आपण लोकांना हे तेल शुद्ध म्हणून विकतो, तेव्हा काळा, हिरवट, सुरकुतलेला दाणा हाताने वेचून फेकणं हे कामच आहे. दर मोठ्या खरेदीचा नमुना एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा: ओलावा, आम्लता, पेरॉक्साइड मूल्य (खवटपणाचं माप), अफ्लाटॉक्सिन. हा खर्च लेबलच्या डिझाइनवर होतो त्याहून महत्त्वाचा आहे.

दाण्यातला ओलावा सात-आठ टक्क्यांच्या आत हवा. गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर. पावसाळ्यात दोन महिन्यांहून जास्त साठा ठेवू नका, बुरशी आणि सोंडे दोन्ही लागतात.

खेपेत दाणा भरडू लागला की थोडं पाणी शिंपडावं लागतं, नाहीतर पेंड बांधली जात नाही आणि तेल सुटत नाही. १२ किलोला १०० ते १५० मिली पुरतं. दाणा किती वाळलेला आहे त्यावर कमी-जास्त करायचं. पाणी जास्त झालं तर तेल गढूळ राहतं आणि आठ-पंधरा दिवसांत वास मारतं. गिऱ्हाइकाच्या तक्रारींत ‘तेलाला फेस येतो’ ही सगळ्यांत जास्त ऐकू येते. तिचं कारण बहुधा राहिलेला गाळ किंवा ओलावा असतो. तेल स्टीलच्या टाकीत दोन-तीन दिवस निवळू द्या, वरचं काढून जाड सुती कापडातून गाळा, पुन्हा एक दिवस ठेवा, मगच बाटलीत. घाईने त्याच दिवशी भरलेली बाटली परत येते.

करडई, तीळ, खोबरं एकाच यंत्रावर काढणार असाल तर वार ठरवून घ्या. बी बदलल्यावर पहिल्या खेपेचं तेल वेगळं काढा, ते विकू नका. तीळ आणि शेंगदाण्याची अॅलर्जी असणारे लोक असतात.

कागदपत्रं आणि लेबल

अन्न सुरक्षेसाठी एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना, उलाढालीप्रमाणे. विक्री सुरू होण्याआधी. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली महाराष्ट्रात फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. खाद्यतेल सुटं विकायला कायद्याने मनाई आहे, म्हणजे ग्राहकाच्या डब्यात पिंपातून ओतून देणं बसत नाही. पॅकबंदच द्यायचं.

लेबलवर ‘१ लिटर, ९१० ग्रॅम’ असं आकारमान आणि वजन दोन्ही हवं. सोबत सर्व करांसह किंमत, प्रति लिटर दर, बॅच, उत्पादनाची तारीख, किती काळात वापरावं, पत्ता, तक्रारीचा फोन, हिरवं चिन्ह, पोषणमूल्यं, १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक. काट्याची दरवर्षी वैधमापन विभागाकडून पडताळणी आणि पॅकिंग करणारा म्हणून नोंदणी त्यांच्याकडेच. ‘हृदयरोग बरा होतो’, ‘सांधेदुखी जाते’ असं काहीही लेबलवर किंवा व्हॉट्सअॅपच्या जाहिरातीत लिहू नका. ते बेकायदा आहे आणि खरंही नाही.

जीएसटीची नोंदणी फक्त माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या वर लागते, पण परराज्यात एक बाटली पाठवली तरी ती लागते. हजार लिटरची विक्री वर्षाला ३९.६ लाख होते आणि सहा लाखांची पेंड धरली की मर्यादा ओलांडली जाते. म्हणून वरच्या हिशेबात कर पहिल्यापासून धरला आहे. परराज्यात विकायचं नसेल तर दीड कोटींपर्यंत कंपोझिशन योजनेत एक टक्का भरून भागतं. बाटल्यांवरचा कर मग परत मिळत नाही, तरी बहुतेक छोट्या घाण्यांना हीच परवडते. आयकरात छोट्या धंद्यांसाठीच्या अंदाजित नफ्याच्या तरतुदीखाली उलाढालीच्या आठ टक्के, डिजिटल जमेवर सहा टक्के नफा दाखवून विवरणपत्र भरता येतं. आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकरकमी. पगारात तो आपोआप कापला जायचा, इथे तारीख स्वतः लक्षात ठेवावी लागते.

राहिली पेंड. लिटरमागचे ते पन्नास रुपये तिच्यावर आहेत, म्हणजे महिन्याला पन्नास हजार. ताजी पेंड पावसाळ्यात चार दिवसांत बुरशी धरते. यंत्र बसवण्याआधीच दूधवाल्या दोन-तीन शेतकऱ्यांशी बोला, आठवड्यातून दोनदा उचल आणि रोख पैसे एवढंच ठरवा. बुरशी लागलेली पेंड कोणत्याही भावाने विकू नका. अफ्लाटॉक्सिनचा मोठा भाग पेंडीतच राहतो आणि जनावराने ती खाल्ली की त्यातला काही दुधात उतरतो.